दोन आट्यांचा फरक: दगडावर आदळलेल्या गाडीचं निदान

गाडी माझ्याकडे आली तेव्हा आदळण्याला तीन आठवडे उलटले होते. मधल्या काळात दोन ठिकाणी तिच्यावर काम झालं होतं. त्यामुळे बिघाड शोधायचा होताच, पण त्याआधी तो कशाकशाखाली झाकला गेलाय ते उकलावं लागलं. सस्पेन्शन आणि स्टिअरिंग हेच माझं रोजचं काम आहे आणि आदळलेल्या गाड्या नेहमीच येतात. ही एक सविस्तर लिहायला घेतली, कारण हिच्यात जवळपास प्रत्येक खूण भलत्याच कशाची तरी वाटत होती.

गाडी पाच वर्षांची हॅचबॅक, पुढच्या चाकांवर चालणारी. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे टॉर्शन बीम, अलॉय रिम, टायर १८५/६५ आर १५. म्हणजे रस्त्यावरच्या बहुतेक लहान गाड्यांसारखीच मांडणी. अर्ल मॅकफर्सन यांनी १९४० च्या दशकात मांडलेली ही रचना इतकी पसरली, कारण तिच्यात सुटे भाग कमी लागतात: एक स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब), एक नकल (चाकाचं बेअरिंग धरणारा तुकडा), खाली एक लोअर आर्म (नकलला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा) आणि बाजूने टाय रॉड (स्टिअरिंगची हालचाल चाकाला पोचवणारी दांडी). भाग कमी म्हणजे आदळल्यावर धक्का खाणारेही मोजकेच. निदान करणाऱ्याला ही मोठी सोय आहे. धक्का कुठून आत शिरला आणि कुठे जिरला, याची वाट शोधता येते.

मालकांनी सांगितलेली हकीकत अशी. रात्रीची वेळ, वेग ताशी ७० किमीच्या आसपास. पुढच्या ट्रकने बाजू घेतली आणि त्याच्या आडून एकदम दगड समोर आला, विटेएवढाच, पण टोकदार. त्यांनी ब्रेक दाबला, स्टिअरिंग थोडं उजवीकडे काढलं, तरी डावं पुढचं चाक दगडावर चढलंच. धाडकन आवाज झाला, हाताला हिसका बसला. गाडी कडेला घेऊन त्यांनी मोबाइलच्या उजेडात पाहिलं. रिमची बाहेरची कड खरवडली होती, टायरमध्ये हवा होती, खाली काही गळत नव्हतं. मग चाळीस किमी गाडी चालवत ते घरी गेले.

"आदळताना ब्रेक दाबलेलाच होता?" मी विचारलं.

"अहो, पूर्ण दाबलेला. पाय काढायचं सुचलंच नाही."

सुचत नाहीच, त्यात त्यांची चूक नाही. पण निदानाला ही माहिती फार मोलाची होती. जोरात ब्रेक लागला की गाडीचं नाक खाली बसतं, पुढच्या स्प्रिंग आधीच दबलेल्या असतात. अशा वेळी चाक दगडावर चढलं तर वर जायला जागाच उरत नाही. स्प्रिंगने जो धक्का गिळायचा तो सरळ चाकाच्या मागच्या दिशेने लोअर आर्ममध्ये जातो. धोका टळत नाही असं दिसलं तर आदळण्याच्या क्षणभर आधी ब्रेक सोडायला सांगतात ते याचसाठी. तेव्हा दगड छोटा होता एवढ्यावरून नुकसानही छोटंच असेल, असं मी धरलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना दोन गोष्टी जाणवल्या. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग डावीकडे वळलेलं राहत होतं, त्यांच्या अंदाजाने दहा अंश. आणि ताशी ८० च्या पुढे हाताला थरथर. ते अलाइनमेंटच्या दुकानात गेले. तिथे चारही चाकं बॅलन्स झाली, अलाइनमेंट झालं, स्टिअरिंग सरळ झालं. थरथर कमी झाली, गेली नाही. आठ-दहा दिवसांनी घूं-घूं असा आवाज सुरू झाला. दुसऱ्या गॅरेजमध्ये चाक हलवून पाहिलं, प्ले (ढिलाई) नाही, म्हणून आवाज टायरचा ठरला आणि पुढची चाकं मागे, मागची पुढे लावून दिली. हाताची थरथर गेली. मालकांना वाटलं, सुटलो. पण आता सीट थरथरायला लागली, घूं-घूं तशीच राहिली, आणि ब्रेक लावला की खालून एकदा 'टक' असा आवाज येऊ लागला. शिवाय स्टिअरिंगवरची पकड सैल केली की गाडी डावीकडे ओढायची.

या तक्रारी ऐकताना मी एक प्रश्न प्रत्येकीला लावला: हे आदळण्यापूर्वी होतं का? पाच वर्षांच्या गाडीत झीज असतेच, आणि धडकेनंतर माणूस प्रत्येक आवाजाकडे कान लावून बसतो. यातलं काहीही आधी नव्हतं, असं ते ठामपणे म्हणाले. स्कॅनर लावून पाहिला, बिघाडाचा एकही कोड नाही. यात नवल नव्हतं. वाकलेल्या लोखंडाला सेन्सर नसतो.

आदळलेली गाडी आली की चालवून बघण्याचा मोह होतो. मी आधी लिफ्टवर घेतो, कारण चालवायच्या लायकीची आहे की नाही हेच अजून ठाऊक नसतं. इथे त्याचं चीज झालं. मागचं डावं चाक, म्हणजे आदळलं तेव्हा पुढे असलेलं, खोलून उलटं केलं तर टायरच्या आतल्या बाजूला अंगठ्याएवढा फुगा. बाहेरची बाजू स्वच्छ. दगड आणि रिमची कड यांच्यामध्ये टायरची भिंत चिमटली गेली की आतले पॉलिएस्टरचे धागे तुटतात. त्या जागी हवेचा दाब नुसत्या रबरावर येतो आणि रबर हळूहळू बाहेर येतं, कधी काही तासांत, कधी काही दिवसांत. त्या रात्री उजेडात नीट पाहिलं असतं तरी बहुधा दिसलं नसतं. याला पॅच नाही, दुरुस्ती नाही. तीन आठवडे त्या टायरवर घरची माणसं बसून गेली होती, हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. तो टायर परत त्या गाडीला लागू द्यायचा नाही, हे मी तिथेच सांगून टाकलं.

रिमवर वजनं बघितली. आतल्या बाजूला चिकटवलेल्या पट्ट्या मिळून ७० ग्रॅम. बाकीच्या तीन चाकांवर १० ते २५. एका चाकाला इतकं वजन लागलं की थांबायला हवं. बॅलन्सिंग मशीनने शून्य दाखवलं असणार, ते खोटंही नाही. मशीन वस्तुमानाचा तोल सांगतं, चाक गोल आहे का ते सांगत नाही. डायल गेज लावून रिम फिरवला तर आतली कड १.९ मिमी बाजूला जात होती आणि १.४ मिमी वर-खाली. सायकलवाले याला 'चाक आऊट आहे' म्हणतात, तोच प्रकार. या मापाच्या टायरचा घेर सुमारे १.९५ मीटर. ताशी ८५ किमीला चाक सेकंदाला बारा फेरे मारतं. चाक आणि त्याला जोडलेले भाग टायरच्या लवचिकतेवर साधारण याच गतीने नाचायला उत्सुक असतात, म्हणून ८० ते ९० च्या पट्ट्यात थरथर सर्वांत जास्त आणि त्याच्या पुढे किंचित कमी. चाकाची अदलाबदल करणाऱ्याने नकळत एक चांगली चाचणीही करून ठेवली होती: चाक पुढून मागे गेलं आणि थरथर हातातून सीटमध्ये गेली, म्हणजे ती त्या चाकाचीच. फक्त तो निष्कर्ष कोणी काढला नाही.

गाडीत पूर्ण मापाचं स्पेअर चाक होतं. ते मागे लावलं आणि आता बिनधास्त चालवायला निघालो. सीटची थरथर पूर्ण गेली. उरले तीन: घूं-घूं, ओढ आणि टक.

घूं-घूं वेगाबरोबर वाढत होती. न्यूट्रल करून गाडी नुसती वाहू दिली तरी तशीच, म्हणजे इंजिन आणि गिअरचा संबंध नाही. कानाला ती उजवीकडून येतेय असं वाटत होतं आणि मीही पहिली काही मिनिटं उजव्या बेअरिंगवरच संशय धरून होतो. केबिनमध्ये आवाज पत्र्यातून फिरून येतो, कानावर विश्वास ठेवू नये. लांब उजव्या वळणावर आवाज वाढला, डाव्या वळणावर जवळजवळ बंद झाला. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो. म्हणजे बेअरिंग डावं.

परत लिफ्टवर घेऊन खात्री केली. चाक वर-खाली धरून हलवलं, प्ले खरंच नव्हता, त्या गॅरेजचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मग एक हात स्ट्रटच्या स्प्रिंगवर ठेवला, बोटांची टोकं वेटोळ्याला नुसती टेकलेली, आणि दुसऱ्या हाताने चाक सावकाश फिरवलं. उजवीकडे काहीच नाही, गुळगुळीत. डावीकडे बोटांना बारीक खरखर, जात्यात वाळू गेल्यासारखी. आदळताना बेअरिंगच्या गोळ्या कठीण पोलादी वाटेत सूक्ष्म खळगे पाडतात. पहिल्या दिवशी ते इतके बारीक असतात की ऐकूच येत नाहीत. प्रत्येक फेऱ्याला गोळ्या त्या कडांवरून जातात, कडा झडू लागतात आणि आठवड्याभराने आवाज उगवतो. प्ले यायला त्याहून बराच काळ जातो. आवाज उशिरा आला म्हणून त्याचं आदळण्याशी नातं नाही, असं म्हणता येत नाही ते यामुळे.

आता ओढ. रस्त्याला कडेकडे उतार असतो आणि तेवढ्यानेही गाडी ओढते, म्हणून चाचणीला सपाट रुंद जागा निवडली होती. टायरमुळेही गाडी ओढते, म्हणून पुढची दोन चाकं आपसात बदलून पाहिली. ओढ डावीकडेच राहिली. टायर सुटला, आता भूमिती, म्हणजे चाकांचे कोन.

मालकांना विचारलं, "अलाइनमेंटचा कागद दिला होता का?" त्यांनी ग्लोव्ह बॉक्स उघडला आणि चार घड्या घातलेला कागद काढून दिला. या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा तोच होता. 'आधी'च्या रकान्यात डाव्या चाकाचा टो, म्हणजे वरून पाहिलं तर चाकाचं तोंड आत की बाहेर वळलंय तो कोन, १°१५′ आत, लाल (१ अंश १५ मिनिटं; ६० मिनिटांचा एक अंश). उजव्याचा जवळपास बरोबर, हिरवा. 'नंतर'च्या रकान्यात दोन्ही हिरवे. कॅम्बर, म्हणजे समोरून पाहिलं तर चाक आत की बाहेर कललंय तो कोन, डावा +०°१०′, उजवा −०°१५′, दोन्ही मर्यादेत, हिरवे. आणि कॅस्टरच्या, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याच्या मागे-पुढे तिरकसपणाच्या, रकान्यात आडव्या रेघा. मोजलाच नव्हता.

इथे मला जे म्हणायचं आहे ते स्पष्ट म्हणतो. अलाइनमेंट हे आधी मोजमाप आहे. पान्हा नंतर. धडक न बसलेल्या गाडीत टो थोडा सरकलेला असतो, तो बसवून दिला की काम संपतं. पण आदल्या रात्री दगडावर आदळलेल्या गाडीत एकाच चाकाचा टो सव्वा अंश गेलेला असेल, तर तो सरकलेला नाही, काहीतरी वाकलेलं आहे. टाय रॉड फिरवून तो आकडा हिरवा केला की वाकलेला भाग तसाच राहतो आणि तो सापडण्याची खूण मात्र पुसली जाते. स्टिअरिंग सरळ होतं, गिऱ्हाईक खूश होतं, आणि पुढचा माणूस अंधारात चाचपडतो. कॅस्टर मोजायला चाक दोन्हीकडे वळवावं लागतं, ब्रेक पेडल दाबून ठेवावं लागतं, काही मिनिटं जास्त जातात. बऱ्याच गाड्यांत तो जुळवताही येत नाही, म्हणून 'मोजून करायचं काय' असा विचार होतो. जुळवता येत नाही म्हणूनच तो खरं बोलतो. त्याच्याशी कोणी छेडछाड केलेली नसते.

मशीनवर घेण्याआधी मी फीत काढली. स्टिअरिंग सरळ ठेवून चारही चाकांच्या मध्यावरून ओळंबे सोडले, जमिनीवर खडूने खुणा केल्या, गाडी बाजूला घेतली आणि दोन्ही बाजूंचं पुढच्या-मागच्या चाकातलं अंतर मोजलं. उजवीकडे २४५२ मिमी, डावीकडे २४४१. डावं पुढचं चाक ११ मिमी मागे सरकलेलं. डोळ्याला हे दिसत नाही, फितीला दिसतं. (दोन्ही बाजूंचं अंतर मुद्दाम वेगळं ठेवलेल्या गाड्याही झाल्या आहेत. १९६१ साली आलेल्या रेनॉ ४ मध्ये मागचे टॉर्शन बार एकापुढे एक आडवे असल्याने डावी-उजवी बाजू सारखी नव्हती. पण असं उदाहरण विरळाच. आजच्या साध्या गाडीत बाजूबाजूत ११ मिमीचा फरक म्हणजे काहीतरी हललेलं आहे.)

मग कॅस्टर मोजला. उजवा ४°१०′, डावा ३°०५′. सायकलचा चिमटा खाली पुढे झुकलेला असतो आणि त्यामुळे चाक आपोआप सरळ धावायला बघतं. मोटारीच्या चाकाचा अक्षही तसाच तिरपा असतो, त्या तिरकसपणाला कॅस्टर म्हणतात. एका बाजूचा कमी झाला की गाडी त्या बाजूला ओढते. लोअर आर्मच्या बॉल जॉइंटपासून (आर्म आणि नकल जोडणारा फिरता सांधा) स्ट्रटच्या डोक्यापर्यंत या गाडीत सुमारे ६२० मिमी. तिथे अक्षाचा पाय, म्हणजे खालचं टोक, ११ मिमी मागे गेला तर कोन एक अंशाच्या आसपास बदलायला हवा. बदलला होता तेवढाच. फीत आणि मशीन एकमेकांना दुजोरा देत होती.

पाय मागे गेला हे कळलं, पण वाकलं कोण? नकल, स्ट्रट, लोअर आर्म, की सगळं धरून असलेला सबफ्रेमच सरकला? इथे एक जुना हिशेब उपयोगी पडतो. स्टिअरिंगचा अक्ष समोरून पाहिला तर आतल्या बाजूला कललेला दिसतो. तो कल आणि कॅम्बर यांची बेरीज ही नकल आणि स्ट्रट या बोल्टने घट्ट बांधलेल्या जोडीची असते. ती जोडी वाकली नसेल तर बेरीज बदलत नाही, मग तिचा पाय कुठेही सरको. उजवीकडे कल १२°४५′, कॅम्बर −०°१५′, बेरीज १२°३०′. डावीकडे कल १२°२०′, कॅम्बर +०°१०′, बेरीज १२°३०′. मिनिटाचाही फरक नाही. म्हणजे नकल आणि स्ट्रट सरळ, पण त्यांचा पाय ११ मिमी मागे आणि २५ मिनिटांच्या हिशेबाने साडेचार मिमी आत. कॅम्बरचे दोन्ही आकडे एकेकटे निर्दोष होते, म्हणून कागदावर हिरवे होते. शेजारी शेजारी ठेवले की बोलू लागले.

सव्वा अंशाचा टोही आता उलगडला. या गाडीत स्टिअरिंग रॅक (टाय रॉड डावी-उजवीकडे सरकवणारा दांडा) चाकाच्या अक्षाच्या मागे आहे. बॉल जॉइंट आत ढकलला गेला, पण नकलचं मागचं टोक टाय रॉडने जागच्या जागी धरून ठेवलं, म्हणून चाकाचं पुढचं तोंड आत वळलं. अलाइनमेंटवाल्याने टाय रॉड आखडून ते बाहेर काढलं. खाली वाकून टाय रॉडच्या लॉक नटजवळ पाहिलं. उजवीकडे दहा आटे उघडे होते, डावीकडे आठ. नटाच्या पुढे ग्रीस आणि धुळीचा थर चकचकीत तुटलेला होता, नुकताच पान्हा लागल्याची खूण. दोन आटे, दीड मिमीच्या पिचला तीन मिमी. गेलेला टो तेवढ्या तीन मिलिमीटरमध्ये दडवला होता. टाय रॉड खोलून काचेवर लोळवला, तो अगदी सरळ होता. बिचाऱ्याला दुसऱ्याचं पाप झाकायला लावलं होतं.

सबफ्रेम सरकला असेल अशी धास्ती होती, कारण मग काम फार वाढतं. त्याच्या बोल्टच्या डोक्याभोवती रंगाचे जे गोल ठसे असतात ते चारही ठिकाणी बोल्टला धरून होते. सरकला असता तर एका बाजूला चंद्रकोरीसारखं उघडं लोखंड दिसलं असतं. भोकाभोकांतली तिरपी अंतरंही जुळली. उरला लोअर आर्म.

आर्मच्या मागच्या बुशमध्ये (जोडावरचं धक्का गिळणारं रबर) टॉमी (लोखंडी पहार) घालून दाबल्याबरोबर रबर आतल्या नळीपासून सुटून तोंड उघडावं तसं उघडलं. ब्रेक लावल्यावर चाक मागे रेटलं जातं, आर्म त्या फटीएवढा मागे जाऊन आपटतो. हीच ती 'टक'. आर्म काढून नव्या आर्मवर ठेवला, पुढच्या बुशचं भोक जुळवलं, तर बॉल जॉइंटचं टोक साफ बाजूला. मागच्या बुशकडे जाणाऱ्या बाकावर रंगाला बारीक आडव्या भेगा पडल्या होत्या, सुरकुत्यांसारख्या, आणि प्रत्येक भेगेत गंजाची तांबूस रेघ धरायला लागली होती. तीन आठवड्यांचा गंज. हे दिसायला आर्म धुवावा लागला. चिखलाखाली तो नव्यासारखाच वाटत होता.

दाबलेल्या पत्र्याचा आर्म वाकतो, तुटत नाही, ही त्याची भलाईच आहे. ओतीव लोखंडाचं किंवा ॲल्युमिनियमचं नकल वाकण्यापेक्षा तडकण्याची भीती असते. म्हणून बेअरिंग काढल्यावर नकल साफ करून लाल रंगाची डाय मारली, पुसली आणि पांढरा डेव्हलपर फवारला. तडा असता तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटली असती. दहा मिनिटं थांबलो, काही उमटलं नाही.

काय निघालं नाही तेही नोंदवायला हवं, कारण शोध त्या बाजूलाही घेतला होता. तेलाच्या टाकीला, म्हणजे संपला, खालून फक्त ओरखडा होता. पोलादी संपला खोल पोचा असता तर गळती नसतानाही मी तो उतरवला असता, कारण तळ वर आला की आतल्या तेल खेचणाऱ्या जाळीचं तोंड बंद होऊ शकतं आणि इंजिन तेलाविना तडफडतं. रेडिएटरची खालची टाकी गरम इंजिनवर, दाब चढल्यानंतर पाहिली, कोरडी. ड्राइव्ह शाफ्टचे बूट शाबूत. एबीएस सेन्सरची वायर, ब्रेकचा होज ठीक. सायलेन्सरवर मुठीने ठोकून पाहिलं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधली जाळी खुळखुळली नाही. काही गाड्यांत धक्क्याने इंधन तोडणारा स्विच असतो आणि आदळल्यावर गाडी सुरूच होत नाही. इथे तो प्रश्न आला नाही.

मालकांनी विचारलं, "आर्म गरम करून सरळ नाही करता येणार? आणि रिम?" प्रश्न रास्त होता, पण दोन्हींना नाही म्हणालो. तापवून सरळ केलेल्या आर्मची ताकद किती उरली हे सांगायला माझ्याकडे काही साधन नाही, आणि त्याच्यावर चाक उभं असतं. अलॉय रिमची आतली कड जवळपास दोन मिलिमीटर बाजूला गेलेली असताना ठोकून बसवली तर तिथेच तडा जाण्याची भीती. रिम आणि टायर नवे घेतले. उजवा आर्म मोजून पाहिला, बुश घट्ट होते, त्याला हात लावला नाही. जोडीने बदला असं सरसकट सांगणं मला पटत नाही. त्याला कारण लागतं, आणि इथे ते नव्हतं.

जोडणीतल्या दोनच जागा सांगतो, कारण तिथे चूक झाली तर महिन्याभराने तीच तक्रार परत येते. नव्या बेअरिंगच्या एका तोंडावर एबीएसची चुंबकीय पट्टी असते. ती सेन्सरकडेच यायला हवी, आणि बसवण्यापूर्वी ती चुंबकाजवळ ठेवायची नाही. दुसरी जागा आर्मच्या बुशचे बोल्ट. चाक लटकत असताना ते आवळले तर गाडी खाली टेकताच रबराला पीळ पडतो आणि तो कायम राहतो, बुश लवकर फाटतं. म्हणून बोल्ट आधी हाताने लावले, गाडी चाकांवर उभी केली, दोन-तीनदा दाबून बसवली आणि मग टॉर्क पान्ह्याने आवळले.

आता पुन्हा मशीनवर. कशालाही हात न लावता आधीचा रकाना छापून घेतला. कॅस्टर डावा ४°, उजवा ४°१०′. बाजूबाजूची बेरीज जुळलेली. फितीत फरक एक मिमी. आणि डाव्या चाकाचा टो आता सव्वा अंश बाहेर. मालक शेजारी उभे होते, लाल आकडा पाहून दचकले. "नवा भाग घातला तरी?" मी म्हटलं, "नवा भाग घातला म्हणूनच." वाकलेल्या आर्मला साजेसा आखडलेला टाय रॉड सरळ आर्मला आखूड पडत होता.

लॉक नट सैल केला आणि डावा टाय रॉड सोडत गेलो. एक आटा, आकडा लाल. दुसरा आटा पुरा होता होता हिरवा झाला. नट आवळला, स्टिअरिंगच्या सेन्सरचा शून्य बिंदू बसवून घेतला.

रस्त्यावर ८५ ला हात आणि सीट दोन्ही शांत. उजव्या वळणावर नुसता टायरचा सळसळाट. सपाट जागी पकड सैल केली तर गाडी सरळ गेली, ब्रेकला टक नाही. मालकांनी नवा कागद जुन्या कागदासोबत घडी घालून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवला.

पाचशे किमीनंतर गाडी परत बोलावली होती. चाकांचे नट, बुशचे बोल्ट, टो, कॅस्टर, सगळं जागच्या जागी. खाली वाकून टॉर्चने लॉक नटजवळचे आटे मोजले. उजवीकडे दहा, डावीकडे दहा.